अठरावे वर्ष आणि पालकत्वाचा कागद

मतिमंद मुलाच्या आईवडिलांच्या तोंडून आम्ही एकच प्रश्न वारंवार ऐकला आहे, "आमच्या माघारी याचे कसे?" बहुतेक घरांत हा प्रश्न धाकट्या भावावर किंवा बहिणीवर सोपवून मोकळे होतात. वस्तुतः त्याचे बरेचसे उत्तर कायद्यात व सरकारी योजनांत आहे. काही भागाचे उत्तर मात्र अजून कोठेच नाही. आम्ही डॉक्टर नव्हे की वकील नव्हे. बँकेत कारकुनी करताना जे कागद डोळ्यांखालून गेले, त्यांच्या आधारे ही माहिती देत आहोत.

प्रथम शब्दाविषयी. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात 'मतिमंदत्व' हा शब्द होता. २०१६ च्या कायद्याने 'बौद्धिक दिव्यांगता' असा शब्द आणला आणि दिव्यांगतेचे प्रकार २१ केले. शब्द बदलला हे चांगलेच झाले, पण आमच्या भवानी पेठेत अजून 'वेडा' हाच शब्द चालतो. वेड हा मनाचा आजार आहे. बुद्धीची वाढ मंदावणे ही आयुष्यभराची अवस्था आहे. दोन्ही एकच समजल्यामुळे पालक वर्षानुवर्षे औषधपाणी व अंगारेधुपारे करीत राहतात आणि शिकवण्याचे वय निघून जाते. शून्य ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. अंगणवाडीत व शाळेत येणारे आरोग्य पथक ते हेच.

२०१६ च्या कायद्याने किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क दिला. विशेष शाळांना शासन अनुदान देते. तेथपर्यंत गाडी बरी चालते. खरी अडचण अठराव्या वाढदिवसापासून सुरू होते.

त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होते. घरात त्याला अजून घास भरवावा लागत असेल, पण बँकेत त्याच्या खात्यावर आईची सही चालेनाशी होते. एका बँकेत आम्ही पाहिले आहे, अनुदान खात्यात पडून होते आणि आई सहा महिने हेलपाटे घालीत होती. काउंटरवरच्या माणसाला नियम ठाऊक नव्हता आणि आईला तर नव्हताच.

नियम असा आहे. १९९९ साली संसदेने राष्ट्रीय न्यास कायदा केला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी तो आहे. या कायद्यान्वये जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती असे सभासद असतात. आईवडील किंवा नातेवाईक या समितीकडे कायदेशीर पालक नेमण्यासाठी अर्ज करू शकतात. त्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. समितीने दिलेले पालकत्वाचे प्रमाणपत्र खाते उघडण्यासाठी व चालवण्यासाठी ग्राह्य धरावे, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००७ मध्ये सर्व बँकांना कळवले आहे. कारकून नाही म्हणाला तर या परिपत्रकाचा उल्लेख करावा व व्यवस्थापकाकडे जावे.

पालक नेमला म्हणजे मालमत्तेचा मालक नेमला असे नव्हे. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्याने मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते व दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करायचा असतो. हेळसांड किंवा अफरातफर झाली तर पालक काढता येतो. चुलत्याच्या हाती घर जाईल या भीतीने जे पालक गप्प बसतात, त्यांनी हे कलम अवश्य समजून घ्यावे. आईवडील हयात असतानाच हा अर्ज झाला तर पुढचा पालक कोण, याविषयी घरात उघड बोलणेही होते.

पैशांविषयी थोडक्यात. संजय गांधी निराधार योजनेत उत्पन्नाच्या अटीवर दिव्यांगांना दरमहा अनुदान मिळते. २०२५ मध्ये ही रक्कम त्यांच्यासाठी २,५०० रुपये झाली. न्यासाची 'निरामय' योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा देते. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, पण दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. आमच्या पेठेतील विडी व यंत्रमाग कामगारांना एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. भविष्यनिर्वाह निधीची १९९५ ची पेन्शन योजना लागू असलेला सभासद वारला, तर इतर मुलांचे निवृत्तिवेतन २५ व्या वर्षी थांबते. पूर्णतः व कायमचे अपंगत्व असलेल्या अपत्याला मात्र ते वयाची अट न ठेवता मिळते. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला वेळीच काढलेला हवा.

आता जे नाही त्याविषयी. शाळा सुटलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा दिवसभर कोठे जाईल? कर्मशाळा आहेत, पण त्या मोजक्या. आई विडी वळत बसते, मुलगा शेजारी बसून राहतो. वसतिगृहात ठेवणे हा उपाय अनेकांना सुचतो. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. नातलगांच्या नजरेआड गेलेल्या माणसाच्या वतीने बोलणारे कोणी उरत नाही. याउलट अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचे नाव दिले. अठरा वर्षे झाली म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नये, यासाठी कायदा करा, ही त्यांची मागणी जुनी आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आमच्या मते पेठेतच, चालत जाण्याच्या अंतरावर, सकाळी दहा ते पाच असे एक केंद्र हवे. पैसा कोठून, असे कोणी विचारील. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावी, असा शासनाचा आदेश आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. महापालिकेने ती रक्कम कशावर खर्च केली, हे माहिती अधिकाराच्या अर्जाने कोणाही नागरिकाला विचारता येते. अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते.