आधी खतावणी, मग कीर्द

चि. भाचीस,

सोमवारपासून तुझी लॉगवर नजर ठेवायची रात्रपाळी सुरू होतेय. प्रशिक्षणात लॉग शोधायच्या स्प्लंक प्रणालीच्या आज्ञा शिकवल्या असतीलच. मी अठरा वर्षं हेच काम केलं. त्यातून हाती लागलेल्या चार गोष्टी तुझ्या कानावर घालतो.

तुझ्या पणजोबांचं आडतीचं दुकान होतं. गादीशेजारी दोन वह्या असत. रोजकीर्दीत दिवसभराचा प्रत्येक व्यवहार घडला त्या क्रमाने लिहिलेला असे, आणि खतावणीत तेच व्यवहार खातेवार लावलेले. शेतकऱ्याने हिशोब विचारला की पणजोबा खतावणी उघडत, बाकी तिथे लगेच दिसे. पण तो म्हणाला, "ही उचल मी घेतलीच नाही," तर ते कीर्द काढून त्या तारखेच्या ओळीवर बोट ठेवत. तुझ्यासमोरही याच दोन वह्या आहेत. कच्चे लॉग म्हणजे कीर्द आणि सारांश म्हणजे खतावणी.

कोणती वही उघडली आहेस, हे आधी बघ. साधं सर्च कच्च्या नोंदी वाचतं. अ‍ॅक्सिलरेट केलेल्या डेटा मॉडेलवर टीस्टॅट्स चालवलं, की ते आधीच करून ठेवलेला सारांश वाचतं, म्हणून महिन्याचं उत्तर काही सेकंदांत येतं. त्यात समरीजओन्ली नावाचा एक खटका आहे. तो मुळात फॉल्सवर असतो. तेव्हा सारांश असेल तिथे सारांश आणि नसेल तिथे कच्च्या नोंदी वाचल्या जातात. वेळ लागतो, पण उत्तर पूर्ण येतं. तोच ट्रू केला की फक्त सारांश वाचला जातो, आणि जे सारांशात नाही ते उत्तरातही येत नाही. सारांश सात दिवसांचाच ठेवलेला असताना तू तीस दिवसांचं विचारलंस, तरी आकडा येईल आणि लाल अक्षरात काही दिसणार नाही. दुसऱ्याने लिहिलेलं पॅनेल हाती आलं, की पहिल्यांदा हा खटका शोध.

शून्य दिसलं की सारांश कुठवर पोचलाय ते विचार. सारांश भरणारं काम मुळात दर पाच मिनिटांनी सुटतं, पण सर्व्हरवर ताण असेल तर ते मागे पडतं. एका नोकरीत असताना फसलेल्या लॉगिनचं पॅनेल रात्री शून्य दाखवत होतं. मी शिफ्टच्या वहीत 'सर्व शांत' लिहून सही केली. सारांश चाळीस मिनिटं मागे होता आणि त्याच चाळीस मिनिटांत कुणीतरी शेकडो खात्यांवर एकच पासवर्ड लावून बघत होतं. कच्च्या नोंदीत ते ओळीमागून ओळ स्पष्ट दिसत होतं. ती सही मला आजही आठवते. तेव्हापासून माझा नेम आहे: पाळी सुरू होताच शेवटच्या तासाची मोजणी खटका ट्रू ठेवून करायची, मग फॉल्स ठेवून करायची. दोन आकड्यांत मोठा फरक निघाला, तर त्या रात्री ताज्या घडामोडींसाठी सारांशावर विसंबायचं नाही.

मॉडेल बदललं की जुना सारांश शिळा होतो. कुणी डेटा मॉडेलमध्ये एक फील्ड जरी वाढवलं, तरी सारांश पुन्हा बांधावा लागतो. बांधणी पुरी होईपर्यंत 'फक्त सारांश' वाचणारी पॅनेलं रिकामी किंवा अर्धवट दिसतात. अलर्ट अचानक थंडावले, तर हल्ले थांबले असं समजू नकोस. कालच्या पाळीला विचार, मॉडेलला कुणी हात लावला होता का.

सरासरीची सरासरी काढू नकोस. एका तासात 10 विनंत्या आल्या, सरासरी 5 सेकंद लागले. पुढच्या तासात 990 आल्या, सरासरी 1 सेकंद. दोन सरासऱ्यांची सरासरी 3 सेकंद येते, पण खरी सरासरी 1.04 सेकंद आहे. म्हणून सारांशात सरासरी साठवायची नसते, बेरीज आणि संख्या साठवायची. वेगवेगळे वापरकर्ते किती, हा आकडाही तासातासाने मिळवता येत नाही. दिवसभर बसलेला एकच माणूस चोवीस वेळा मोजला जाईल. सर्चचे निकाल साठवणारा समरी इंडेक्स तू स्वतः भरत असशील, तर साध्या स्टॅट्सऐवजी सिस्टॅट्स वापर. पुढच्या हिशोबाला लागणारा ऐवज ते सोबत ठेवतं.

उशिरा येणाऱ्यांसाठी दार उघडं ठेव. नोंद घडल्याची वेळ वेगळी आणि ती इंडेक्समध्ये पोचल्याची वेळ वेगळी. ठरावीक वेळी चालणाऱ्या सर्चने तू समरी इंडेक्स भरत असशील आणि ते तास संपताच धावत असेल, तर मागून आलेल्या नोंदी त्या सारांशात कधीच येणार नाहीत. दोन वेळांतलं अंतर आधी मोज आणि तेवढं थांबून सर्च चालव. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. सर्च यूटीसीवर चालत असेल, तर आपली मध्यरात्र तिथे 18:30 ला येते. त्या तासाचा सारांश मग आपल्या रात्रीच्या 11:30 पासून 12:30 पर्यंतचा होतो, आणि अर्धा तास कोणत्या तारखेचा, हे कुणालाच सांगता येत नाही. सारांश पंधरा मिनिटांचे ठेव.

खतावणी आहे म्हणून कीर्द जाळू नकोस. जागा वाचवायला कच्चे लॉग लवकर काढून टाकू, असं कुणी सुचवेल. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे 28 एप्रिल 2022 चे निर्देश त्याच्यासमोर ठेव. लॉग 180 दिवस ठेवायचे आहेत आणि घटना कळल्यापासून 6 तासांत कळवायची आहे. त्या सहा तासांत तुला कोणता पत्ता, कोणतं खातं, कोणती वेळ हे सांगावं लागेल. सारांश फक्त किती ते सांगेल.

तेव्हा शोध सारांशात घे, त्याने कुठे बघायचं ते पटकन कळतं. पण अहवालात नाव लिहिण्याआधी ती मूळ नोंद उघड आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाच. 'सर्व शांत' लिहिणार असशील, तरीही तेच कर. शेवटच्या पाच मिनिटांची कीर्द बघ, मग सही कर.

रात्री डबा वेळेवर खा.

तुझा मामा