तीस घड्यांचा गोल का मिटत नाही?

प्रश्न : सोनोबे पद्धतीच्या ३० घड्या जोडूनही कागदाचा गोल मिटत नाही, काही तुकडे तर बसतच नाहीत. दोष कोठे असावा?
— एक वाचक, भालकी (जि. बीदर)

उत्तर : मित्सुनोबु सोनोबे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घडीस दोन टोके व दोन खिसे असून, एकीचे टोक दुसरीच्या खिशात सारूनच, डिंकाच्या साहाय्याविना, आकृती उभी राहत असल्यामुळे, समोरासमोरचे कोपरे दुमडण्याची दिशा सर्व तुकड्यांत एकच असणे अपरिहार्य ठरते, उलट दुमडलेला तुकडा इतरांशी जुळत नाही. प्रथम त्याचीच तपासणी करावी.

नंतर मोजणी. तीन तुकड्यांचा एक सुळका होतो, आणि ३० तुकड्यांच्या गोलात, जेथे सुळक्यांचे पायथे एकत्र येतात अशा प्रत्येक बिंदूभोवती, पाचच सुळके यावयास हवेत. सर्वत्र चार घेतल्यास १२ तुकड्यांत आकृती मिटते, तीन घेतल्यास सहांचा घन होतो. तूर्त घनच सिद्ध करावा, हे श्रेयस्कर.

टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासेत कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि मराठीत अनिल अवचटांनी हा छंद आवडीने जोपासला. तेव्हा आपला खटाटोप निरर्थक खासच नाही. कागद मात्र पातळ, ताठ व काटेकोर चौरस घ्यावा, आणि प्रत्येक घडी नखाने घोटावी.