नवीकरणीय ऊर्जा आणि पर्यावरण : कोयनेचे उदाहरण

मागील भागात आपण चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा विचार केला. तेथे जळालेला कोळसा पुन्हा घडण्यास कोट्यवधी वर्षे लागतात. पाणी मात्र दर पावसाळ्यात भरून येते. म्हणून जलविद्युत निर्दोष मानावी काय? ‘नवीकरणीय’ ही संज्ञा केवळ स्रोताविषयी सांगते, परिणामांविषयी काहीच सांगत नाही. (उत्तरे लिहिताना हा भेद हमखास निसटतो.) कोयनेच्या शिवसागर जलाशयात गावे बुडाली, त्यांतील अनेकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा संबंधही अनेक भूशास्त्रज्ञ या जलाशयाशी जोडतात. शिवाय पूर्वेकडे वाहणारे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस उतरवून अखेर वाशिष्ठीत सोडले जाते. तुमच्या घरची वीज कोठून येते, याचा शोध घेऊन स्वाध्यायवहीत नोंद करा.