घरच्या संगणकासाठी आटोपशीर बिनतारी कळफलकाची निवड



लिहिण्याचे साधन हातास बसणारे असावे, हा विचार आपल्या व्यवसायात नवा नाही. बोरूचे टोक नीट कापलेले नसेल तर अक्षराला वळण येत नाही, हे जुन्या पिढीतील शिक्षक जाणून होते, आणि मुलाच्या हाती पेन्सिलीचा अगदी तोकडा तुकडा दिसला तर तो आपण आजही बदलून देतो. संगणकाच्या बाबतीत मात्र हा विवेक आपण क्वचितच दाखवितो. यू-डायस प्लस, सरल व शालार्थ यांवरील माहिती भरणे, प्रश्नपत्रिका सिद्ध करणे, पालकांस पत्रे लिहिणे ही कामे पुष्कळदा शाळा सुटल्यावर घरी बसूनच करावी लागतात. घरात टेबल एकच असते आणि मुलांच्या वह्याही त्याच टेबलावर असतात. अशा वेळी लहान आकाराचा व तारेचे जंजाळ नसलेला कळफलक घ्यावा असे वाटणे साहजिक आहे. परंतु दुकानात जो सुबक दिसतो तो मराठी लेखनास सोयीचा असतोच असे नाही. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पाहाव्यात, याचा क्रमाने विचार करू.

१. आकार कमी होतो म्हणजे काय होते?

पूर्ण आकाराच्या कळफलकावर साधारणपणे १०४ कळा असतात. उजवीकडील अंकांचा स्वतंत्र गट काढून टाकला की सुमारे ८७ कळा उरतात. त्याहून लहान, सुमारे ६१ कळांच्या प्रकारात दिशादर्शक बाणांच्या व वरच्या ओळीतील खास कळाही नाहीशा होतात. ती कामे ‘एफएन’ ही जोडकळ दाबून दुसऱ्या एखाद्या कळेकडून करवून घ्यावी लागतात.

येथे दोन गोष्टींत भेद करावयास हवा. कळा कमी असणे वेगळे आणि कळा बारीक असणे वेगळे. दोन शेजारच्या कळांच्या मध्यबिंदूंतील अंतर चांगल्या कळफलकावर सुमारे १९ मिलिमीटर असते. प्रौढ माणसाची बोटे या अंतरास सरावलेली असतात. कळांची संख्या कमी करून आटोपशीरपणा साधला असेल तर हात अवघडत नाही; परंतु सर्व कळा दाटीने बसवून तो साधला असेल तर बोटे एकमेकांवर पडतात व चुका वाढतात. दुकानात लहान मोजपट्टी घेऊन जावे आणि हे अंतर स्वतः मोजावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

अंकांच्या गटाचाही विचार आपल्या कामाप्रमाणे करावा. शाळेचा यू-डायस क्रमांक ११ अंकी व आधार क्रमांक १२ अंकी असतो. तीस मुलांच्या वर्गाचे केवळ आधार क्रमांक भरावयाचे म्हटले तरी ३६० अंक टंकावे लागतात. असे काम वारंवार पडत असेल तर अंकांचा गट असलेला कळफलक घ्यावा, अथवा लहान कळफलकाबरोबर अंकांची वेगळी छोटी फळी घ्यावी व काम संपताच ती खणात ठेवावी. गुणपत्रकाच्या रकान्यांतून फिरताना बाणांच्या कळांचा सतत उपयोग होतो. म्हणून त्या स्वतंत्र असलेल्या बऱ्या.

२. मराठी लिपीची कसोटी

हा या पाठाचा मुख्य भाग आहे. ‘मराठी कळफलक’ म्हणून वेगळी वस्तू शोधत फिरण्याची आवश्यकता नाही. कळ दाबली असता कळफलक संगणकाकडे केवळ त्या कळेचा सांकेतिक क्रमांक पाठवितो. त्या क्रमांकाचे कोणते अक्षर करावयाचे हे संगणकात निवडलेली मांडणी ठरविते. म्हणून इंग्रजी अक्षरे छापलेल्या कोणत्याही कळफलकावर मराठी लिहिता येते.

भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ ही मांडणी १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने प्रमाण म्हणून पुढे आणली. तिची रचना आपल्या वर्णमालेच्या तर्कास धरून आहे. स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ज्या कळेवर क आहे तीच ‘शिफ्ट’ कळेसह दाबली की ख मिळतो. याच रीतीने ग–घ, त–थ, द–ध, ब–भ अशा जोड्या लागतात. अल्पप्राण व महाप्राण यांचा संबंध मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकास ही मांडणी समजण्यास वेळ लागत नाही.

परंतु येथेच लहान कळफलकाची अडचण उद्भवते. इंग्रजीत उजव्या कडेच्या कळा विरामचिन्हांच्या असतात व त्या क्वचित लागतात. म्हणून कळफलक आखूड करणारे कारखानदार प्रथम त्याच कळा अरुंद करतात किंवा अन्यत्र हलवितात. इन्स्क्रिप्टमध्ये मात्र त्याच कळांवर आपली नित्याची अक्षरे आहेत. इंग्रजी अर्धविरामाच्या कळेवर च, अवतरणचिन्हाच्या कळेवर ट, डाव्या चौकटी कंसाच्या कळेवर ड, तिरप्या रेघेच्या कळेवर य, ‘बरोबर’ या चिन्हाच्या कळेवर ऋकाराची खूण आणि उलट्या तिरप्या रेघेच्या कळेवर ‘ऑ’ या उच्चाराची मात्रा आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याला ज्या कळेची उणीव दिवसभरात एकदाही भासणार नाही, तिच्यावाचून मराठी लिहिणाऱ्याचे प्रत्येक ओळीत अडते.

याकरिता सोपी परीक्षा अशी : दुकानातील संगणकावर मराठी इन्स्क्रिप्ट मांडणी निवडून ‘डॉक्टर’, ‘चटई’, ‘यंत्र’, ‘डबा’, ‘कृषी’ हे पाच शब्द टंकून पाहावेत. एकट्या ‘डॉक्टर’ या शब्दात उजव्या कडेच्या तीन कळा येतात. हे पाच शब्द जोडकळेच्या साहाय्यावाचून व बोट न अडखळता लिहिता आले, तर तो कळफलक मराठीस योग्य समजावा.

जे शिक्षक रोमन अक्षरे टंकून त्यांचे देवनागरी रूप करून घेतात, त्यांना ही अडचण कमी जाणवेल. तथापि ज्यास पुढे इन्स्क्रिप्ट शिकावयाचे आहे, त्याने आजच या कसोटीवर निवड करणे हिताचे होय.

३. बिनतारीचे दोन प्रकार

पहिल्या प्रकारात कळफलकाबरोबर नखाएवढा ग्राहक मिळतो व तो संगणकाच्या यूएसबी खाचेत बसवावा लागतो. दुसरा प्रकार ब्लूटूथचा. दोन्ही प्रकार २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. ग्राहकाचा प्रकार जुन्या संगणकावरही बसविताक्षणी चालू होतो. मात्र तो ग्राहक हरवला तर कळफलक बहुधा निरुपयोगी ठरतो. ब्लूटूथमध्ये हरविण्यासारखे काही नसते व एकच कळफलक संगणक आणि भ्रमणध्वनी या दोहोंस जोडता येतो. परंतु घरातील जुन्या संगणकात ब्लूटूथची सोय आहे की नाही, हे आधी पाहावे. शिवाय संगणक सुरू होतानाच्या प्रारंभीच्या पडद्यावर ब्लूटूथ कळफलक पुष्कळदा चालत नाही. म्हणून जुना तारेचा कळफलक टाकून न देता जपून ठेवावा.

ग्राहकाचा कळफलक अधूनमधून अक्षरे गाळू लागला तर तो बिघडला असे लगेच समजू नये. संगणकाच्या मागील बाजूस, वेगवान यूएसबी खाचेलगत ग्राहक बसविल्यास लहरींत व्यत्यय येतो. तो समोरच्या खाचेत बसविल्याने अनेकदा दोष नाहीसा होतो.

४. गुप्ततेचा प्रश्न

शिक्षकाच्या कळफलकावरून शालार्थचे व बँकेचे परवलीचे शब्द जातात आणि मुलांची खासगी माहितीही जाते. २०१६ साली बॅस्टिल या अमेरिकन संस्थेतील संशोधकांनी असे दाखवून दिले की, काही स्वस्त बिनतारी कळफलक दाबलेली अक्षरे कोणत्याही सांकेतिक आवरणाविना, उघडीच पाठवितात. आणि ती सुमारे २५० फुटांवरून टिपता येतात. बंद दारामागे लिहिलेले पत्र रस्त्यावर मोठ्याने वाचून दाखविण्यासारखाच हा प्रकार झाला. म्हणून ग्राहकाचा प्रकार घ्यावयाचा असल्यास वेष्टनावर ‘एईएस १२८ बिट’ सांकेतिकीकरणाचा उल्लेख आहे की नाही हे पाहावे. ब्लूटूथ कळफलक जोडताना पडद्यावर आलेला अंक टंकावयास सांगितले जाते. ती पायरी चुकवू नये.

बिनतारी कळफलकाचा समावेश केंद्र सरकारच्या २०१२ च्या सक्तीच्या नोंदणी आदेशात करण्यात आला. वेष्टनावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहूनच खरेदी करावी व पावती मागून घ्यावी.

५. सेल आणि निगा

काही कळफलक बदलता येणाऱ्या सेलवर चालतात, तर काहींत पुन्हा भारित होणारी बॅटरी आत बसविलेली असते. जेथे वीज वारंवार जाते तेथे साध्या सेलचा प्रकार सोयीचा, कारण असा सेल गावच्या दुकानात मिळतो. मात्र उन्हाळ्याच्या दीर्घ सुट्टीत सेल काढून ठेवावेत. ते पाझरले तर आतील पत्रे गंजतात. आत बसविलेली बॅटरी काही वर्षांनी थकते व ती बदलणे सहसा परवडत नाही. बंद-चालू करण्याची खटकी असलेला कळफलक केव्हाही चांगला. खडूची भुकटी कळांच्या फटीत साचते. ती मऊ कुंचल्याने झाडावी, ओल्या फडक्याने नव्हे.

६. सराव

साधन निवडले म्हणजे विद्या आली असे नव्हे. दोन कळांवर बोटास जाणवणारे उंचवटे असतात. इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या उंचवट्यावर ऱ्हस्व इकाराची मात्रा व उजव्या उंचवट्यावर र आहे. तर्जनी तेथे ठेवून, कळांकडे न पाहता रोज पंधरा मिनिटे लिहावे. कळांवर चिकटविण्याच्या अक्षरपट्ट्यांपेक्षा पुठ्ठ्यावर मांडणी रेखून ती पडद्याशेजारी टांगलेली बरी. कारण त्यामुळे दृष्टी खाली वळत नाही. आपणांस हे साधले की मुलांना ते शिकविणे सोपे जाईल, आणि ग्रामीण भागातील मूल आपली भाषा संगणकावर शुद्ध व न अडखळता लिहू लागेल.

केंद्राच्या बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या शाळेच्या एका महिन्याच्या लेखनकामात अंक किती व मजकूर किती, याचा अंदाज करा. त्यावरून अंकांच्या गटाची आवश्यकता ठरवा.

(२) सध्याच्या कळफलकावर कळांमधील अंतर मोजा व वरील पाच शब्द टंकून पाहा. कोणत्या अक्षरापाशी बोट अडते?

(३) इन्स्क्रिप्टमधील अल्पप्राण–महाप्राण जोड्यांचा उपयोग करून इयत्ता चौथीसाठी एका तासिकेचे टाचण तयार करा.