न आलेल्या गाडीची अनामत

प्रश्न : अजून बाजारात न आलेल्या विजेवरच्या सुपरकारसाठी मुलगा ५ लाख रुपये आगाऊ भरायचं म्हणतोय. भरू द्यावेत का?
– एक वाचक, तलवाडा (ता. गेवराई, जि. बीड)

उत्तर : नका भरू देऊ. टेस्लाने नवी रोडस्टर नोव्हेंबर २०१७ मध्ये दाखवली, ५० हजार डॉलर अनामत घेतली, २०२० मध्ये गाडी देऊ म्हणाले. २०२५ संपलं तरी एकाही ग्राहकाच्या दारात ती आली नाही. आपल्याकडेही २०१६ मध्ये काहींनी टेस्लाच्याच मॉडेल ३ साठी हजार डॉलर भरले होते. कंपनीने मुंबईत दालन उघडलं जुलै २०२५ मध्ये, आणि विकायला ठेवली मॉडेल वाय. टेस्ला निदान पैसे परत करू शकणारी मोठी कंपनी. नवखी कंपनी बुडाली, तर बुकिंग करणाऱ्याच्या हातात तारण काहीच नसतं. आधी बँकांचं देणं भागतं.

मुलगा ऐकतच नसेल, तर परताव्याची अट आणि मुदत लेखी घ्या. पैसे कंपनीच्याच खात्यात भरा, पावती जपा. शब्द मोडला तर बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात वकिलाशिवायही तक्रार करता येते. आणि त्या गाडीला भारतातल्या रस्त्यांवर चालवायची मान्यता आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.