लेंड्यांचा हिशेब

ऑपरेशन करून साबूला घरी आणलं त्या रात्री मी टॉर्च लावून तिच्या पोटावरचे टाके तीनदा बघितले. सूज नाही, ओल नाही, रक्ताचा ठिपकाही नाही. टाके सुरेख होते. "भुलीचा अंमल असेल, झोपू दे तिला," म्हणत मी पिंजऱ्यावर चादर टाकली आणि निवांत झोपायला गेले.

सकाळी सातला चादर काढली तर खाली अंथरलेला पेपर कोरा. कोथिंबिरीची जुडी जशीच्या तशी, फक्त कोमेजलेली. साबू कोपऱ्यात पाठीची कमान करून बसली होती, डोळे अर्धवट मिटलेले. जवळ गेले तर दात वाजत होते. मला वाटलं, लाडात आलीय. मांडीवर घेऊन कपाळ चोळलं की ती दात हलकेच कटकटवते, तो आवाज माझ्या ओळखीचा. पण हा खरखरीत होता, थांबून थांबून येणारा. कळ सोसणारा ससा असे दात खातो. हे मला त्याच दिवशी दुपारी कळलं, म्हणजे पाच तास उशिरा.

गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनचा पश्चात्ताप नाही. "एकदा पिल्लं होऊ द्यायची होतीत," असं सासूबाई अजून म्हणतात, पण मादी सशांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं असतं आणि वय तीन-चारच्या पुढे गेलं की ते वाढत जातं. साबू अडीच वर्षांची होती. खरं तर सहा-आठ महिन्यांची असतानाच करायला हवं होतं. चुकलं ते आधीच्या रात्री आणि नंतरच्या रात्री.

आधीच्या रात्री दवाखान्यातून फोनवर सांगण्यात आलं, "दहानंतर काही देऊ नका." कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत हे बरोबर आहे. भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. सशाला मात्र उलटी होतच नाही, त्याच्या शरीराची घडणच तशी नाही. उलट त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. वरून गवत जात राहिलं तरच खालून लेंड्या पडत राहतात, आणि हे चक्र थांबलं की आत गॅस धरतो, गॅसने पोट दुखतं, दुखतं म्हणून ससा खात नाही. मी आज्ञाधारकपणे रात्री दहाला तिच्यापुढचं गवत उचललं. तेव्हापासून ऑपरेशननंतरच्या सकाळी सातपर्यंत तेहेतीस तास! त्यात मधे भूल, टाके आणि रिक्षातले धक्के.

म्हणून ऑपरेशन ठरवण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा: तुम्ही सशांची ऑपरेशनं नेहमी करता का? उपाशी ठेवायचं का? "रात्रभर" असं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना शोधा. तोंड रिकामं असावं म्हणून काही जण तास-दोन तास खाणं काढून घेतात, तेवढं ठीक. घरी द्यायला वेदनाशामक मिळणार का? आणि रात्री दोनला फोन कोण उचलणार? या शेवटच्या प्रश्नाला लाजू नका.

त्या दुपारी आम्ही सशांवर नेहमी उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे पोचलो. साबूचे कान बर्फासारखे गार होते. ताप मोजला तर 37.2 सेल्सिअस. सशाचं अंग साधारण 38.5 ते 40 असायला हवं. त्यांनी टाक्यांकडे एकदाच पाहिलं. मग पोट दाबून बघितलं, एक्स-रे काढला, कातडीखाली सलाइन दिलं, कळ थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि तिला गरम पाण्याच्या पिशवीजवळ टॉवेलात गुंडाळलं. "बारा तास खाल्लं नाही किंवा लेंडी टाकली नाही तर सकाळची वाट बघायची नाही," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग सुरू झालं भरवणं. एक्स-रेमध्ये आतडं कुठे अडलेलं नाही हे दिसल्यावरच त्यांनी परवानगी दिली. पोट फुगून टणक झालं असेल तर बळजबरीने भरवणं घातक, हे लक्षात ठेवा. सशाच्या खाण्याच्या पेलेट्स कोमट पाण्यात भिजवायच्या, मिक्सरमधून काढायच्या आणि बाळाच्या खिमटासारखं पातळ करायचं. सुई काढलेली सिरिंज समोरून खुपसायची नाही. पुढच्या दातांच्या मागे बाजूला एक फट असते, तिथून एका वेळी जेमतेम एक मिली. तिने चावलं, गिळलं की पुढचा. सशाला उताणं कधीच धरायचं नाही. दर तीन तासांनी आठ-दहा मिली असा आमचा हिशेब होता. पहिल्या रात्री निम्मं खिमट माझ्या गाऊनवर गेलं.

टाक्यांना तोंड पोचू नये म्हणून गळ्यात अडकवलेलं नरसाळंही डॉक्टरीणबाईंनी काढायला लावलं. ससा एक मऊ, द्राक्षाच्या घोसासारखी लेंडी थेट स्वतःच्या बुडाकडून तोंडात घेतो. किळस वाटेल, पण ते त्याचं पोषण आहे आणि गळ्यात नरसाळं असलं की तिथे तोंड पोचत नाही. त्याऐवजी तान्ह्या बाळाचं झबलं कापून अंगात चढवलं. साबूने त्याची एक बाही कुरतडली, टाक्यांना हात लावला नाही. तोंड म्हणायचं.

घरातल्या प्रेमापासूनही तिला वाचवावं लागलं. सासूबाई हळद घेऊन आल्या, हे क्रोसिन घेऊन. जखमेवर काही लावायचं नाही आणि माणसांची औषधं तर नाहीच. जंतुसंसर्गासाठी आपण घेतो ती अमॉक्सिसिलिन सशाला तोंडाने दिली तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून त्यालाच मारू शकते. उरलेलं औषध घरात असतंच, म्हणून सांगते. श्रावण संपत आला होता, माश्या घोंगावत होत्या. ओल्या बुडावर किंवा जखमेवर माशी बसली की एका दिवसात अळ्या पडतात, म्हणून मी मच्छरदाणी लावली आणि पेपर दिवसातून चारदा बदलला. गुळगुळीत फरशीवर तिचे पाय फाकत होते, तिथे सतरंजी घातली.

दुसऱ्या दिवशीही तिने पेलेट्सना तोंड लावलं नाही, कोथिंबिरीला नाही, आवडत्या पुदिन्याला नाही. गणपती चार दिवसांवर होते. सासूबाईंनी दूर्वांच्या जुड्या निवडायला घेतल्या होत्या. एक जुडी सुटून पिंजऱ्याजवळ पडली. साबूने नाक हलवलं. एक काडी ओढली. ती काडी तोंडात आखूड होत गेली तसा मी श्वास धरला. मग दुसरी. सासूबाईंनी बाकीच्या जुड्या तिच्यापुढे सरकवल्या आणि मला म्हणाल्या, "बाप्पाला उद्या नव्या आणू."

तेव्हा हिशेब लिहिलेल्या वहीचं पान अजून आहे. वेळ, किती मिली खिमट, औषध, लेंड्या, असे चार रकाने. चौथ्या रकान्यात ओळीने भोपळे आहेत आणि त्याखाली: दुपारी साडेतीन, सात, बारीक, काळ्या.