जव्हारच्या कचेरीत कोणता लॅपटॉप?

प्रश्न : शिरपामाळ, दाभोसा धबधबा अशा सहली आणि वारली चित्रांची विक्री, असा आमचा चौघांचा व्यवसाय जव्हारला आहे. घरगुती लॅपटॉप स्वस्त असताना ‘बिझनेस’ मॉडेलला जास्त पैसे का मोजायचे?

उत्तर : १६६४ मध्ये सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज शिरपामाळला थांबले होते. तुमचा लॅपटॉप बिघडला तर तुम्हाला मात्र उलट दिशेने नाशिक नाहीतर ठाणे गाठावे लागेल. म्हणून जास्तीचे पैसे वेगापेक्षा सेवेसाठी आहेत, असे समजा. थिंकपॅड, एलिटबुक यांसारख्या मालिकांवर तीन वर्षांची जागेवर दुरुस्तीची हमी घेता येते. पण ती जव्हारच्या पिनकोडला लागू आहे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या; तोंडी होकार पावसाळ्यात वाहून जातो! विंडोज प्रो असली की बिटलॉकरने ग्राहकांची माहिती कुलूपबंद करता येते.

चौघांनाही नवा नको. हिशेब सांभाळणाऱ्याला नवा घ्या, बाकीच्यांना कंपन्यांनी वापरून काढलेले बिझनेस लॅपटॉप चालतील. मात्र विंडोज ११ चालणारेच निवडा, कारण विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. डेस्कटॉप घेतलात तर सोबत यूपीएस हवाच. बिल कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर घ्या.